शिंकेसकट

माझ्या बायकोला गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि मलाही कळत नाही. मी सोफे करतो. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, मोटारींच्या गाद्या. माणूस जिथे बूड टेकतो ते सगळं माझ्याकडे येतं. तरीही एका गाण्याची प्रत्येक मैफल आज मला तोंडपाठ आहे, आणि त्या गाण्यावरून एका दातांच्या दवाखान्यात जे रामायण झालं त्याला थोडाफार मी जबाबदार आहे. थोडाफार म्हणतो, कारण बाकीचे लोकही काही कमी नव्हते.

झालं असं की, गावातल्या मोठ्या नाट्यगृहाच्या खुर्च्या मी नव्याने मढवून दिल्या. लाल कापड, आत नवा फोम, हात ठेवायला मऊ पट्टी. व्यवस्थापक खूश झाला आणि त्याने पहिल्याच कार्यक्रमाचे दोन पास माझ्या हातात ठेवले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

"कोण गाणार आहे?" तिने विचारलं.

"आहे कुणीतरी. त्याचा भाऊ गेलाय, त्याच्यावर गातो."

"अरेरे. मग घरी बसायचं सोडून गातोय कशाला?"

आम्ही गेलो ते खरं तर खुर्च्या बघायला. ती बसल्या बसल्या दोनदा उडी मारून म्हणाली, "छान झाल्यात हो." मला तेवढ्यात कार्यक्रम संपला असता तरी चाललं असतं.

गाण्याचं नाव 'बूट'. गायक एकटाच गिटार घेऊन स्टुलावर बसला होता, वाळलेला, दाढी वाढलेला मुलगा. गाणं असं की, त्याच्या धाकट्या भावाने त्याचे नवे बूट न विचारता घातले, बाहेर गेला, आणि रस्त्यात ट्रकखाली आला. बस. त्यात तारे नाहीत, नदी नाही, पाखरं नाहीत. नुसतं भांडण आहे. मागितले असतेस तर मी नाही म्हटलं असतं, असं तो भावाला म्हणतो. नाही म्हटलं असतं तर तू रुसून घरी राहिला असतास. मग मागितले का नाहीस, चोरा? आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ओरडतो, "बूट दे माझे." ऐकताना लाज वाटत होती. दुसऱ्याच्या घरातलं भांडण खिडकीतून ऐकतोय असं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

तिसऱ्या कडव्यानंतर "बूट दे माझे" म्हणताना त्याचा आवाज फाटला आणि तो थांबला. गिटारवरचा हातही थांबला. सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलं. आणि माझी बायको शिंकली.

ती लाजरी शिंक नव्हती. रुमालात दाबून मोडलेली तर मुळीच नव्हती. आमच्याकडे एक मांजर यायचं, ते तिच्या शिंकेपायी यायचं बंद झालं होतं. एक शिंकली, लगेच दुसरी, आणि मग तिसरीसाठी तोंड उघडून, एक बोट वर धरून ती थांबली. अख्ख्या रांगेने माना वळवल्या. मला वाटलं, आपणच भरलेल्या फोममध्ये आपणच शिरून बसावं. तेवढ्यात गायकाने पुढची ओळ उचलली आणि मी सुटलो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पोरगा चांगला गातो. पण तुमच्या खुर्च्यांतून कापडाचा भुसा किती उडतो!"

पुढच्या वर्षी ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि तिथून ती परत आली नाही. मला तिची फार आठवण येते. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी चेष्टा करतोय असं कुणाला वाटायला नको.

ती गेल्यावर काही वर्षांनी, एका रविवारी मुलगी स्वयंपाकघरात फोनवर गाणी लावून कांदा चिरत होती. माझी मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला फ्रेम शोभत नसेल तर तोंडावर सांगते आणि मालकाची बोलणी खाते. ती म्हणाली, "बाबा, हे ऐका, हल्ली फार गाजतंय." मी ओळखलं, हा तर बूटवाला. मी म्हटलं, हे आम्ही समोर बसून ऐकलंय. तिसरं कडवं झालं, आवाज फाटला, शांतता झाली. आणि फोनमधून माझी बायको दोनदा शिंकली. त्यानंतर तिने तिसरीसाठी ओढलेला श्वाससुद्धा स्पष्ट ऐकू आला.

मुलीच्या हातातली सुरी तशीच राहिली. मी म्हटलं, "मागे घे." तिने मागे घेतलं. परत मागे घेतलं. मग तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन तोंड धुतलं, कांद्याचं निमित्त होतंच.

आमच्याकडे तिचे व्हिडिओ नाहीत असं नाही. पण त्यांत ती पाहुण्यांशी बोलल्यासारखी बोलते. "हो, छान, आनंद वाटला," असलं काहीतरी. कॅमेरा दिसला की ती पदर सावरायची, केस सावरायची, आवाजही सावरायची. शिंक सावरता येत नाही. घरात होती तशी ती त्या शिंकेतच होती, बाकी कुठेच नाही.

गाण्याखाली लोकांनी मतं लिहिली होती. ती वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'ही बाई कोण? हिला जन्मठेप द्या.' 'इतकं सुंदर चाललं होतं आणि मधेच माशी शिंकली.' 'असल्यांना नाट्यगृहात सोडतातच कसे?' मी एका बोटाने, घाम गाळत, उत्तर लिहिलं: 'तुमच्या घरी कुणी शिंकत नाही का?' त्यावर एकाने हसणारं तोंड पाठवलं.

त्याच्याच खाली एक सूचना होती. 'बूट मंडळा'ने गायकाच्या परवानगीने या गाण्याची कायमची, अधिकृत आवृत्ती काढायचं ठरवलं आहे. त्यासाठी आमच्या नाट्यगृहातली मैफल निवडली आहे. शिंक यंत्राने पुसून टाकली जाईल, आणि बाकीच्या सगळ्या आवृत्त्या गायक इंटरनेटवरून काढून घेणार आहे. रसिकांनी चिंता करू नये.

"म्हणजे आई पुसणार," मी म्हटलं.

"शिंक पुसणार, बाबा," मुलगी म्हणाली. "आपल्या फोनमध्ये आहे की ती. उतरवून ठेवू आपण."

"फोनमध्ये ठेवून काय करू? ती लोकांत बसून शिंकली होती. लोकांतच राहू दे."

मंडळ दर रविवारी सकाळी एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरायचं. डॉक्टरच अध्यक्ष होते. पुढच्या रविवारी मी तिथे हजर झालो, नव्या चपला घालून. ही पहिली चूक. मंडळाचा नियम असा होता की, दारात सगळ्यांनी पायातलं काढायचं आणि जाताना दुसऱ्याचं घालून जायचं, तेही न विचारता. घरी पोचेपर्यंत मनात "बूट दे माझे" म्हणत राहायचं. हा गाण्याचा अभ्यास होता. डॉक्टर मला म्हणाले, "सोफेवाले, सोसल्याशिवाय रसग्रहण होत नाही." हे बरीच वर्षं चालल्यामुळे कुणाचा पाय कुणाच्या बुटात आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. एक निवृत्त फौजदार बायकी टाचांच्या सँडलवर सवयीने टकटक करत आले. त्यांची बायको मंडळाचं नाव काढलं की कपाळाला हात लावते, असं नंतर कळलं. माझ्या चपला त्या दिवशी गेल्या त्या गेल्याच.

दवाखान्यात बसून हे लोक एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचे, वेगवेगळ्या मैफलींतलं. प्रत्येक आवृत्तीला नाव होतं. 'तार तुटलेली'. 'वीज गेलेली', जिच्यात तो अंधारात माइकशिवाय गातो. 'सर्दीची', म्हणजे गायकाला सर्दी झालेली. आणि 'शिंकेची'. रसिकांचा खरा जीव होता तो तिसऱ्या कडव्यानंतरच्या शांततेवर. तिला ते शोकविराम म्हणायचे. आमच्या नाट्यगृहात ती पहिल्यांदा आली, त्याआधी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक मैफलीत येते आणि दरवर्षी लांबते. मंडळात भूमिती शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी दातांच्या चित्राशेजारी भिंतीवर आलेख लावला होता. "बघा," त्या म्हणाल्या, "भावाला जाऊन जितकी वर्षं होतायत, तितकं दुःख वाढतंय. चढती रेषा आहे. कुठेही खाली येत नाही." सगळे समाधानाने माना डोलवायचे. दुसऱ्याचं दुःख वाढतंय म्हणून इतकी खूश झालेली माणसं मी आधी पाहिली नव्हती.

"तर पुढच्या महिन्यात शिंक निघेल," डॉक्टर म्हणाले. "किडलेला दात काढला की जबडा कसा मोकळा वाटतो!"

मी उभा राहिलो. "शिंक काढू नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती माझी बायको आहे, असं सांगता आलं असतं. पण मग त्यांनी मला बसायला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं, हळहळीचे चार शब्द बोलले असते आणि महिन्याभराने शिंक पुसूनच टाकली असती. हळहळ मला घरबसल्या भरपूर मिळाली होती. म्हणून मी तोंडाला येईल ते बोललो.

"सोफ्याला कुठेतरी एक टाका दिसायला हवा," मी म्हणालो. "सगळे टाके लपवले की माणूस बसायला बिचकतो. त्याला वाटतं, आपण कशाला याला हात लावा. एक टाका दिसला की तो निवांत बसतो. तशी ती शिंक आहे."

असलं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. टाका दिसला तर गिऱ्हाईक सोफा परत पाठवतं. पण भूमितीच्या बाई डोळे पुसत उभ्या राहिल्या.

"शिंक म्हणजे जग आहे," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "माणूस दुःखात बुडालेला असतो, आणि जग शेजारी बसून शिंकत असतं!"

"जगाला शिंकायचं असेल तर जगाने बाहेर जाऊन शिंकावं," डॉक्टर म्हणाले.

झालं, मंडळात फूट पडली. शिंकवाले बाहेरच्या बाकांवर बसायला लागले आणि स्वच्छतावाले आतल्या एक्स-रेच्या खोलीत. दोघांना एकमेकांचे बूट घालणंही नको झालं, त्यामुळे बाईंच्या पक्षाला फक्त तीन डावे बूट मिळाले आणि फौजदार पायांना पिशवी गुंडाळून घरी गेले. बाईंनी 'शिंकेचं सौंदर्य' या विषयावर फळ्यावर आकृत्या काढून भाषण दिलं. पहिली शिंक आणि दुसरी शिंक यांत किती अंतर, त्यांना जोडणारी रेषा कुठे जाते, असलं बरंच. मी मागे बसून मान हलवत होतो. तिच्याबद्दल कुणीतरी इतका वेळ चांगलं बोलतंय, मला तेवढंच पुरत होतं. घरी तिचा विषय निघाला की मुलगी उठून भांडी घासायला लागायची.

इथवर ठीक होतं. मग बाईंच्या डोक्यात आलं की, नुसतं बोलून भागणार नाही, कृती पाहिजे. गायकाचा पुढचा कार्यक्रम त्याच नाट्यगृहात होता. शिंकवाल्यांनी कागदाच्या पुड्यांतून मिरपूड नेली. मला आधी काही कळवलं नाही, मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. तिसरं कडवं झालं, आवाज फाटला, शांतता झाली. बाईंनी छत्री वर करून खूण केली, आणि सगळे एकदम शिंकायला लागले.

काय काय प्रकार ऐकले म्हणून सांगू! बारीक शिंका, जाड शिंका, शिट्टीसारख्या, खोकल्यात जाऊन पडणाऱ्या. स्वच्छतावाले "शूऽऽ, शूऽऽ" करायला उठले, त्यांच्याही नाकात मिरपूड गेली आणि तेही शिंकायला लागले. डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने शिंकले, त्यांच्यामागचे आजोबाही शिंकले, आणि आजोबांची उडालेली कवळी डॉक्टरांनाच दोन रांगा पुढे सापडली. मी डोळे मिटून बसलो होतो. इतक्या शिंकांत एकही ओळखीची नव्हती. मला एकदम रडू फुटलं. शेजारचा म्हणाला, "पाणी प्या काका, मिरपूड फार झाली."

गायकाने गिटार खाली ठेवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना त्याचा निरोप आला. रविवारी येतो, हा काय प्रकार आहे तो समोरासमोर बोलू.

घरी मुलीने मला फैलावर घेतलं. "बाबा, आता पुरे. तुमच्यामुळे म्हातारी माणसं मिरपूड हुंगायला लागलीत. आई असती तर तिने तुम्हाला घराबाहेर काढलं असतं."

"असती तर हे झालंच नसतं," मी म्हटलं.

रविवारी मात्र ती चपला घालून दारात उभी. "मी येते. तिथे तुम्ही काही बोलायचं नाही. शांतपणे ऐकायचं आणि माझ्याबरोबर घरी यायचं."

गायक आला. जवळून तो अजूनच वाळलेला दिसत होता. दारात बुटांचा ढीग बघून त्याने विचारलं, हे काय आहे? फौजदारांनी मोठ्या उत्साहाने नियम सांगितला. तो ढिगाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी माझे काढणार नाही." आणि बुटांसकट आत गेला. बाकीचे सगळे अनवाणी, आपापल्या पायांकडे बघत उभे राहिले. त्या दिवसानंतर त्या नियमाचं नाव कुणी काढलं नाही.

पाहुण्याला बसवायला चांगली खुर्ची एकच होती, पेशंटची. तिची गादी मीच भरली होती. गायकाला तिथे बसवलं. डॉक्टर भाषण करायला पुढे झाले तेव्हा त्यांचा पाय खालच्या पेडलवर पडला आणि गायक हळूहळू मागे आडवा झाला. वरचा दिवाही लागला. डॉक्टर इतके घाबरले होते की पाय काढायचं त्यांना सुचेना. शेवटी गायक आडवाच बोलायला लागला, छताकडे बघत.

"तुम्ही लोक भांडताय कशावरून?"

"शोकविरामातली शिंक ठेवावी की पुसावी, यावरून," बाई म्हणाल्या.

"आवृत्तीला मी हो म्हटलं होतं, शिंक पुसणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि कसला शोकविराम?"

"तुम्ही थांबता ना, तिसऱ्या कडव्यानंतर. दुःखाने."

"त्या दिवशी मी गाणं सोडणार होतो," तो म्हणाला. "भावाचं हे गाणं इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात तो राहिलाच नव्हता. नुसते शब्द. आवाज फाटायचा तोही सवयीने फाटायचा. त्या दिवशी तिथवर आलो आणि पुढची ओळ आठवेना. म्हटलं बरं झालं, उठू आणि जाऊ, परत कधी गायचंच नाही. मी उठणारच होतो, तेवढ्यात कुणीतरी बाई शिंकली."

मुलीने माझा दंड धरला.

"दोनदा शिंकली. मग तिने तिसरीसाठी श्वास घेतला. आता मला सांगा, अशा वेळी माणूस मध्येच उठून जाईल का? म्हटलं, तिसरी येऊ दे, मग जाऊ. मी थांबलो. ती काही येईना. थांबता थांबता ओळ आठवली आणि तोंडातून निघून गेली. आणि भाऊ पण आठवला. लख्ख. शर्टाची बटणं चुकीची लावलेला."

"आणि तेव्हापासून?" डॉक्टरांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तेव्हापासून तिथे आलो की थांबतो. तिसरी शिंक येते का बघतो. नाही आली की पुढे गातो."

भिंतीवरच्या आलेखाकडे कुणी बघेना. बाई मात्र चिवट. "मग ही शांतता दरवर्षी लांबत का जातेय?"

"कारण ती अजून आली नाही," गायक म्हणाला. "परवा तर एकदम शंभर आल्या. त्यांतली एकही ती नव्हती."

ज्याला गाण्यातलं काही कळत नाही असा मी, आणि ज्याला सगळं कळतं असा हा. इतक्या माणसांत आम्हा दोघांनाच ते ऐकू आलं होतं. मुलीने दंड दाबला होता तरी मी बोललो.

"ती माझी बायको होती."

डॉक्टरांचा चेहरा पडला. किडलेला दात त्यांना आठवला असावा. गायकाने उठून बसायचा प्रयत्न केला, पण खुर्ची फार मागे गेली होती.

"कुठे असतात त्या, काका?"

"गेली. पुढच्याच वर्षी."

तो परत मागे टेकला. दिवा त्याच्या डोळ्यांवर येत होता, तरी त्याने डोळे मिटले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तिसरी आली का हो? नंतर? घरी जाताना, कधीतरी?" त्याने माझ्याकडे मान वळवली. "आली असेल तर सांगून टाका. मी सुटेन. ती शिंक पुसू, गाणं साफ करू, यापुढे मी तिथे न थांबता गाईन. खरंच दमलोय मी. पण आली नसेल, तर काही पुसायचं नाही. शिंक गेली तर मी कशासाठी थांबतो ते मलाच विसरायला होईल."

आली होती. तिची तिसरी नेहमी यायची, उशिरा यायची, पण यायची. त्या दिवशी आमच्याच दारात आली. मुलीने आतून दार उघडलं आणि हिने अशी शिंक दिली की माझ्या हातातली किल्ली खाली पडली. मुलगी म्हणाली, "या, आलात वाटतं." मग आम्ही तिघं उंबऱ्यात उभे राहून उगाचच हसत सुटलो. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं होतं.

हे सांगायला पाहिजे होतं. तो पोरगा माझ्या मुलापेक्षाही लहान असता, जर मला मुलगा असता. त्याचं दमणं दिसत होतं. दोन शब्दांत तो मोकळा झाला असता. पण मग माझ्या बायकोसाठी थांबणारा जगात मी एकटा उरलो असतो. आणि हा इकडे दर कार्यक्रमाला आपलं तोंड बंद करून हजार माणसांना तिच्यासाठी थांबवतो. मला ते सोडवेना. मी स्वार्थी माणूस आहे, आणि त्या क्षणी मला त्याची लाजही वाटली नाही.

"नाही," मी म्हणालो. "नाही आली."

गायक माझ्याकडे बघत राहिला. मला खोटं बोलता येत नाही हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं, बायको नेहमी म्हणायची. त्याची नजर माझ्यावरून सरकून माझ्या दंडावरच्या हाताकडे गेली, आणि तिथून मुलीकडे.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही घरात होतात ना? खरंच नाही आली?"

माझी मुलगी खोटं बोलत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला ते दार, ती किल्ली, ते हसणं सगळं आठवतंय हे मला दिसलं. आई गेल्यापासून तिने मला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तुम्ही कसे आहात, आणि मीही तिला विचारलं नव्हतं. तिने माझा दंड सोडला आणि हात हातात घेतला.

"नाही आली," ती म्हणाली. "आम्ही पण थांबलोय."

गायकाने मान हलवली. "मग थांबू," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पेडलवरून पाय काढला.